‘जोरात’ला इंग्रजीत काय म्हणतात?

पेठ वडगावच्या सोमवारच्या बाजारात सकाळपासून कानावर पडणारी ही वाक्यं बघा. ‘पळ की जोरात, एस्टी सुटंल!’ ‘जरा जोरात बोल, काय ऐकू येईना.’ ‘दावं जोरात वढ.’ ‘पाऊस लई जोरात आलाय.’ ‘औंदा धंदा जोरात हाय.’ पाच वाक्यं, पाच वेगळे प्रसंग, आणि सगळ्यांना पुरून उरणारा एकच शब्द. आता हीच वाक्यं इंग्रजीत सांगायची झाली तर? पळण्यासाठी ‘रन फास्ट’. बोलण्यासाठी ‘स्पीक लाउडली’ किंवा ‘स्पीक अप’. ओढण्यासाठी ‘पुल हार्ड’. पावसासाठी ‘इट इज रेनिंग हेविली’. आणि धंद्यासाठी ‘बिझनेस इज डूइंग वेल’. ‘जोरात’ एकच, पण इंग्रजीत त्याची पाच रूपं झाली.

हे सगळे शब्द क्रियाविशेषणं आहेत, इंग्रजीत ज्यांना ‘ॲडव्हर्ब’ म्हणतात ते. आपल्याकडे मराठी माध्यमातून दहावीपर्यंत आलेल्या मुलाला वाक्यातलं क्रियाविशेषण अधोरेखित करायला सांगा, तो करेल. व्याख्या विचारा, धडाधड म्हणून दाखवेल. पण त्यालाच इंग्रजीत चार वाक्यं बोलायला सांगितली की हाच विषय त्याला अडवतो. क्रियाविशेषण ओळखायचं कसं हे त्याला शिकवलेलं असतं, ते निवडायचं कसं आणि बसवायचं कुठे हे शिकवलेलं नसतं. माझं ठाम मत असं आहे की इंग्रजी क्रियाविशेषण मराठीच्या शेजारी ठेवून शिकवलं तरच नीट समजतं. कारण मुलांच्या चुका अज्ञानातून कमी होतात, मराठीच्या पक्क्या सवयीतून जास्त होतात. सवय कोणती ते दाखवलं की चूक आपोआप सुटते.

व्याख्या सारखी, वागणूक वेगळी

दोन्ही भाषांतली व्याख्या इतकी सारखी का वाटते, याला इतिहास आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. मराठी माणसाने मराठी मुलांसाठी लिहिलेल्या सुरुवातीच्या व्याकरणांपैकी ते सर्वांत प्रभावी ठरलं. दादोबांसमोर नमुना होता तो लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा. मरे मूळचे अमेरिकेतले. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात स्थायिक झाल्यावर तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्यांनी हे पुस्तक लिहिलं. ते १७९५ साली निघालं आणि पुढे जगभर वापरलं गेलं. आपण शाळेत ज्या ‘शब्दांच्या जाती’ शिकतो, त्यांच्या वाटणीवर या युरोपीय परंपरेची छाप आहे. आपल्या जुन्या परंपरेत यास्कांनी नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच वर्ग केले होते.

त्यामुळे ‘क्रियापदाविषयी अधिक माहिती सांगणारा शब्द’ ही व्याख्या मराठीच्या तासालाही ऐकू येते आणि इंग्रजीच्याही. मुलाला वाटतं, दोन्हीकडे प्रकरण एकच आहे. व्याख्या एकच, पण वाक्यात हे शब्द वागतात मात्र वेगळे. शिवाय व्याख्याही अपुरी आहे. इंग्रजीत क्रियाविशेषण फक्त क्रियेबद्दल सांगत नाही. ‘व्हेरी स्वीट’मधला ‘व्हेरी’ विशेषणाबद्दल सांगतो, ‘क्वाइट स्लोली’मधला ‘क्वाइट’ दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दल, आणि ‘फॉर्च्युनेटली, द बस वॉज लेट’ यातला पहिला शब्द अख्ख्या वाक्याबद्दल बोलणाऱ्याचं मत सांगतो. ‘सिट डाउन’मधला ‘डाउन’, ‘कम इन’मधला ‘इन’, ‘गो अवे’मधला ‘अवे’ हीसुद्धा क्रियाविशेषणंच.

उलटा क्रम

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जागा. हे वाक्य घ्या: ‘दादा रोज सकाळी शाळेच्या मैदानावर जोरात पळतो.’ मराठीत क्रम असा लागला: केव्हा, कुठे, कसा आणि शेवटी क्रिया. इंग्रजीत हेच वाक्य होतं: ‘दादा रन्स फास्ट ऑन द स्कूल ग्राउंड एव्हरी मॉर्निंग.’ इथे आधी क्रिया, मग कसा, मग कुठे, मग केव्हा. मराठी वाक्याचा कर्ता जागेवर ठेवा आणि उरलेलं वाक्य शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा, जवळजवळ इंग्रजी क्रम हाती येतो.

हा योगायोग नाही. दोन्ही भाषांमध्ये क्रियेशी सर्वांत जवळचं नातं ‘कसं’ या माहितीचं असतं, त्याहून लांबचं ‘कुठे’चं आणि आणखी लांबचं ‘केव्हा’चं. जवळची माहिती क्रियापदाला चिकटून बसते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून हे सगळे त्याच्या डावीकडे ओळीने उभे राहतात. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या लगेच मागे येतं, म्हणून ते उजवीकडे पसरतात. एवढं एक तत्त्व लक्षात ठेवलं की पाठांतराचा निम्मा भार हलका होतो.

जाण्यायेण्याच्या क्रियांना मात्र ‘कुठे’ जास्त जवळचं असतं. ‘बाबा रोज एसटीने कोल्हापूरला जातात’ हे वाक्य ‘बाबा गोज टू कोल्हापूर बाय बस एव्हरी डे’ असं होतं. कुठे आधी, कसं नंतर. आणि वेळेवर भर द्यायचा असेल तर ती सरळ वाक्याच्या सुरुवातीला नेता येते: ‘ऑन मंडेज, द टाउन वेक्स अप अर्ली.’

मराठीत आपण हे शब्द हवे तसे हलवतो आणि तरी अर्थ बिघडत नाही. ‘जोरात पळतो दादा रोज सकाळी मैदानावर’ असं म्हटलं तरी कुणी गोंधळत नाही, कारण ‘मैदानावर’मधला ‘वर’ आणि ‘सकाळी’मधला ‘ई’ आपापलं नातं सोबत घेऊन फिरतात. इंग्रजीत शब्दाला चिकटलेले असे प्रत्यय फार थोडे उरले आहेत. तिथे नातं सांगण्याचं बरंचसं काम जागा करते. म्हणून जागा चुकली की वाक्य अडखळतं.

याच सवयीतून एक चूक घरोघरी ऐकू येते. ‘ताई इंग्रजी छान बोलते’ यात ‘छान’ हा शब्द कर्म आणि क्रियापद यांच्या मधोमध बसला आहे, आणि मराठीत ती त्याची हक्काची जागा आहे. मूल तोच विचार घेऊन ‘ताई स्पीक्स वेल इंग्लिश’ म्हणतं. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये सहसा कुणी शिरत नाही. म्हणून ‘ताई स्पीक्स इंग्लिश वेल.’ तसंच ‘आय लाइक व्हेरी मच वडगाव’ चूक, ‘आय लाइक वडगाव व्हेरी मच’ बरोबर. कर्म फारच लांबलचक असेल तेव्हा थोडी सूट मिळते, पण शिकताना हा नियम पक्का धरावा.

जागा बदलली की कधी कधी अर्थच बदलतो. ‘ही स्पोक द ट्रूथ क्लिअरली’ म्हणजे तो स्पष्ट शब्दांत खरं बोलला. ‘क्लिअरली, ही स्पोक द ट्रूथ’ म्हणजे तो खरं बोलला हे उघड आहे, मग त्याचे शब्द भले पुटपुटल्यासारखे असोत. पहिल्यात ‘क्लिअरली’ बोलण्याची रीत सांगतं, दुसऱ्यात ते ऐकणाऱ्याचा निष्कर्ष सांगतं.

नेहमी, कधी कधी, कधीच नाही

वारंवारता सांगणारे शब्द, म्हणजे ‘ऑल्वेज’, ‘युज्वली’, ‘ऑफन’, ‘रेअर्ली’, ‘नेव्हर’, हे वरच्या रांगेत बसत नाहीत. त्यांची ठरलेली जागा वाक्याच्या पोटात आहे. साध्या क्रियापदाच्या आधी: ‘आई ऑल्वेज गेट्स अप अर्ली.’ ‘इज, आर, वॉज’ यांच्या नंतर: ‘आई इज ऑल्वेज बिझी ऑन मंडेज.’ सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकानंतर: ‘आजोबा हॅज नेव्हर सीन अ मेट्रो.’ ‘समटाइम्स’ आणि ‘युज्वली’ वाक्याच्या तोंडाशीही चालतात, ‘ऑल्वेज’ साध्या विधानात तिथे चालत नाही.

‘नेव्हर’बद्दल वेगळं सांगायला हवं. मराठीत ‘नेव्हर’च्या अर्थाने ‘कधीच’ आलं की मागून ‘नाही’ यावंच लागतं. ‘तो कधीच खोटं बोलत नाही.’ ‘कधीच’ एकटं नकार देऊ शकत नाही. इंग्रजी ‘नेव्हर’च्या पोटात नकार आधीच आहे. म्हणून ‘ही नेव्हर टेल्स लाइज’ एवढंच पुरतं. त्यात आणखी ‘डझन्ट’ घातलं की दोन नकार एकमेकांना खोडतात आणि बिचारा खोटारडा ठरतो. ‘हार्डली’, ‘रेअर्ली’, ‘सेल्डम’ हेही अर्धे नकारच आहेत. त्यांच्या सोबतही ‘नॉट’ लावायचा नाही.

शेवटी ‘ली’ असलेले आणि नसलेले

शाळेत सांगतात, विशेषणाला ‘ली’ जोडा, क्रियाविशेषण तयार. ‘क्विक’चं ‘क्विकली’, ‘केअरफुल’चं ‘केअरफुली’. मराठीतही आपण असेच प्रत्यय जोडतो, कधी विशेषणाला, कधी नामाला: ‘शांत’चं ‘शांतपणे’, ‘विचार’चं ‘विचारपूर्वक’, ‘हुशारी’चं ‘हुशारीने’, ‘राग’चं ‘रागाने’. मुलांना मी सांगतो, मराठीत ‘पणे’, ‘पूर्वक’ किंवा ‘ने’ लावून ‘कसं’ याचं उत्तर मिळत असेल तर इंग्रजीत बहुधा ‘ली’चा शब्द सापडेल. लिहिताना थोडी काळजी घ्यायची. ‘हॅपी’च्या शेवटचा वाय बदलून आय होतो आणि ‘हॅपिली’ बनतं. ‘जेंटल’चं ‘जेंटली’ होताना शेवटचा ई गळतो. ‘बेसिक’सारख्या आय-सीने संपणाऱ्या शब्दांना ए-एल-एल-वाय लागतं, अपवाद ‘पब्लिकली’चा, तिथे नुसतं एल-वाय.

पण मग ‘ही रन्स फास्टली’ का चालत नाही? याचं उत्तर हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आहे. त्या काळी विशेषणाचं क्रियाविशेषण करायला बऱ्याचदा शेवटी नुसता एक ‘ए’सारखा स्वर जोडत. पुढे इंग्रजीतले असे शेवटचे स्वर उच्चारातून गळून गेले आणि विशेषण व क्रियाविशेषण एकसारखे दिसू लागले. ‘फास्ट’, ‘हार्ड’, ‘लेट’ असे काही शब्द आजही दोन्ही कामं करतात. ‘अ फास्ट बस’ आणि ‘द बस गोज फास्ट’. ‘हार्ड वर्क’ आणि ‘वर्क हार्ड’.

दुसरा प्रत्यय होता ‘लीक’सारखा, ज्याचा मूळ अर्थ ‘रूप’, ‘देह’. त्यापासून विशेषणंही होत आणि, पुढे स्वर जोडला की, क्रियाविशेषणंही. काळाच्या ओघात दोन्ही झिजून ‘ली’ झाले. म्हणूनच ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘कॉवर्डली’ हे शब्द ‘ली’ असूनही विशेषणं आहेत. ओळखायची सोपी खूण अशी की ‘ली’ काढून टाका. मागे नाम उरलं, जसं ‘फ्रेंड’, ‘लव्ह’, ‘कॉवर्ड’, तर तो शब्द बहुतेक वेळा विशेषण. मागे विशेषण उरलं, जसं ‘क्विक’, ‘सॅड’, तर तो क्रियाविशेषण. वडगावचा आठवडी बाजार म्हणजे ‘वीकली मार्केट’, आणि तो दर आठवड्याला भरतो म्हणजे ‘इट इज हेल्ड वीकली’. ‘डेली’, ‘वीकली’, ‘मंथली’ दोन्हीकडे चालतात. ‘तो प्रेमाने बोलला’ यासाठी ‘फ्रेंडलीली’ असा शब्द बनवायचा नसतो, ‘इन अ फ्रेंडली वे’ म्हणायचं.

आणि इथे एक मोठा खड्डा आहे. काही शब्दांना ‘ली’ लावलं की अर्थ भलतीकडेच जातो. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने, ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. नोकरीच्या अर्जात ‘आय हार्डली वर्क’ लिहिलं तर त्याचा अर्थ ‘मी फारसं काम करत नाही’ असा होतो. लिहायचं असतं ‘आय वर्क हार्ड’. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘नियर’ म्हणजे जवळ, ‘नियरली’ म्हणजे जवळजवळ. ‘हाय’ म्हणजे उंच, ‘हायली’ म्हणजे अत्यंत. या जोड्या वाक्यांसह पाठ कराव्यात, सुटे शब्द पाठ करून उपयोग नाही.

तुलना करतानाही मराठीची सवय आड येते. मराठीत ‘पेक्षा’ किंवा ‘सर्वांत’ जोडलं की काम भागतं, शब्द तसाच राहतो. इंग्रजीत लहान शब्द स्वतः बदलतात: ‘फास्ट, फास्टर, फास्टेस्ट’. ‘ली’वाल्यांना ‘मोर’ आणि ‘मोस्ट’ लागतात: ‘मोर क्विकली’. ‘वेल’चं ‘बेटर’, ‘बॅडली’चं ‘वर्स’ होतं. ‘मोर फास्टर’ म्हणजे एकाच कामाला दोन माणसं लावणं, त्याची गरज नसते.

‘ती चांगली गाते’ आणि ‘गूळ गोड लागतो’

‘शी सिंग्ज गुड’ ही चूक का होते, याचा विचार करताना एक गमतीचं कारण सापडतं. मराठीत क्रियाविशेषण अविकारी म्हणून शिकवतात, पण बोलताना आपण म्हणतो ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’, ‘ते चांगले गातात’. ‘चांगला’ हा शब्द इथे गाण्याची रीत सांगतोय, तरी कर्त्याप्रमाणे लिंग-वचन बदलतोय, अगदी विशेषणासारखा. मराठी कानाला ‘चांगली मुलगी’ आणि ‘चांगली गाते’ यांतला शब्द एकच वाटतो. इंग्रजीत मात्र इथे फाटा फुटतो. मुलगी ‘गुड’, गाणं ‘वेल’. ‘ती छान गाते’ असं मनात म्हणून बघायचं. ‘छान’ इथे गाण्याची रीत सांगतो, म्हणजे इंग्रजीत ‘वेल’ची जागा आहे हे लक्षात येतं.

उलट बाजूची चूकही होते. भौगोलिक मानांकन मिळालेला आपला कोल्हापुरी गूळ घ्या. ‘गूळ गोड लागतो’ याचं इंग्रजी करताना शिकलेला मुलगा विचार करतो: लागणं ही क्रिया, तर क्रियाविशेषण हवं, म्हणून ‘टेस्ट्स स्वीटली’. हे चूक. गोडपणा गुळाचा आहे, लागण्याच्या रीतीचा नाही. म्हणून ‘द जॅगरी टेस्ट्स स्वीट’. ‘लुक’, ‘फील’, ‘स्मेल’, ‘साउंड’, ‘बिकम’ ही क्रियापदंही अशीच. कसोटी एकच: क्रियापदाच्या जागी ‘आहे’ टाकून पाहा. ‘गूळ गोड आहे’ जमतं, तर विशेषण. ‘मॅडम लुक्स अँग्री’ म्हणजे त्या रागावलेल्या दिसतात. ‘मॅडम लुक्ड अँग्रिली ॲट द क्लास’ म्हणजे त्यांनी वर्गाकडे रागाने पाहिलं. दुसऱ्यात पाहणं ही खरी क्रिया आहे, ‘आहे’ टाकून जमत नाही.

लई, फारच आणि पुरेसं

कोल्हापूरकर ‘लई’शिवाय बोलूच शकत नाही. ‘लई भारी’, ‘लई गोड’, ‘लई लांब’. हे परिमाण सांगणारं क्रियाविशेषण, इंग्रजीत ‘व्हेरी’. ‘व्हेरी’ विशेषणाला आणि दुसऱ्या क्रियाविशेषणाला लागतो, क्रियापदाला लागत नाही. ‘मला लई आवडतं’चं ‘आय व्हेरी लाइक’ होत नाही, तिथे ‘व्हेरी मच’ लागतं आणि तेही सहसा वाक्याच्या शेवटी.

घोळ होतो तो ‘टू’ या शब्दाशी. आपल्याकडे कौतुक करताना सर्रास ‘टू गुड’, ‘टू टेस्टी’ म्हणतात. ‘टू’मध्ये तक्रार असते, ‘नको इतकं’ असा भाव. ‘तांबडा रस्सा लई झणझणीत आहे’ हे कौतुक, म्हणून ‘द रस्सा इज व्हेरी स्पायसी’. ‘रस्सा इतका तिखट आहे की खाववत नाही’ ही तक्रार, म्हणून ‘द रस्सा इज टू स्पायसी टू ईट’. पाहुण्याने ‘टू स्पायसी’ म्हटलं आणि आपण ते कौतुक समजून आणखी एक वाटी वाढली, तर त्याचे हाल व्हायचे.

‘पुरेसं’ची जागाही ध्यानात ठेवावी. मराठीत ‘पुरेसा मोठा’, इंग्रजीत ‘बिग इनफ’, म्हणजे विशेषणाच्या मागे. पण नामाच्या बाबतीत दोन्ही भाषा जुळतात: ‘पुरेसं पाणी’, ‘इनफ वॉटर’.

‘च’ची करामत

मराठीतला ‘च’ हे फार धारदार हत्यार आहे. ‘मीच सोमवारी बाजारात गेलो’, ‘मी सोमवारीच बाजारात गेलो’, ‘मी सोमवारी बाजारातच गेलो’. एक अक्षर ज्या शब्दाला चिकटेल त्याच्याभोवती अर्थ फिरतो. इंग्रजीत हे काम ‘ओन्ली’ करतो, पण चिकटून नाही, शेजारी उभं राहून. ‘ओन्ली आय वेंट टू द मार्केट ऑन मंडे’ म्हणजे बाकी कुणी गेलं नाही. ‘आय वेंट टू द मार्केट ओन्ली ऑन मंडे’ म्हणजे इतर दिवशी गेलो नाही. ‘आय वेंट ओन्ली टू द मार्केट ऑन मंडे’ म्हणजे दुसरीकडे कुठे गेलो नाही. लिहिताना ‘ओन्ली’ ज्या शब्दाबद्दल आहे त्याच्या लगेच आधी ठेवावा. बोलताना इंग्रज माणूस त्याला क्रियापदाआधी ठेवून आवाजाच्या आघातावर भागवतो, पण कागदावर आघात दिसत नाही.

अडचण अशी की आपला ‘च’ दोन कामं करतो. एक, ‘फक्त’ असं बंधन घालणं. दुसरं, नुसता ठासून भर देणं. ‘मी आजच निघतोय’ यात ‘आज, नक्की आज’ असा भर आहे. आपण त्याचं ‘आय ॲम लीव्हिंग टुडे ओन्ली’ करतो, आणि भारतभर असं इंग्रजी ऐकू येतं. पण इंग्रज कानाला ‘टुडे ओन्ली’ म्हणजे ‘फक्त आजच्या दिवसापुरतं’, दुकानातल्या सवलतीच्या पाटीसारखं. भर द्यायचा असेल तर ‘टुडे’वर आवाज चढवावा, ‘ओन्ली’ जोडू नये.

अजून आणि पूर्वी

काळाची क्रियाविशेषणं सोपी वाटतात, पण ‘अजून’ पाहा. ‘बस अजून आली नाही’मध्ये ‘यट’: ‘द बस हॅज नॉट कम यट.’ ‘तो अजून झोपलाय’मध्ये ‘स्टिल’: ‘ही इज स्टिल स्लीपिंग.’ ‘अजून एक भाकरी वाढ’मध्ये तर क्रियाविशेषणच उरत नाही, ‘वन मोर’ येतं. वाट पाहतोय पण घडलेलं नाही, तिथे ‘यट’, आणि संपायला हवं होतं पण चालूच आहे, तिथे ‘स्टिल’. अपेक्षेआधीच घडलं तर ‘ऑलरेडी’, म्हणजे आपलं ‘आधीच’.

‘पूर्वी’चं ‘बिफोर’ करायची सवयही अशीच घट्ट. सेनापती धनाजी जाधवांची समाधी वडगावात आहे. त्यांचं निधन १७०८ साली झालं, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी. मुलं लिहितात ‘ही डायड बिफोर थ्री हंड्रेड इयर्स’. आजपासून मागे मोजायचं असेल तेव्हा ‘अगो’ हवा आणि तो आकड्याच्या मागे येतो: ‘ही डायड मोर दॅन थ्री हंड्रेड इयर्स अगो.’ ‘बिफोर’ तेव्हा, जेव्हा दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी असं म्हणायचं असतं: ‘बिफोर द मार्केट ओपन्स’, बाजार उघडण्याआधी.

जिथे क्रियाविशेषण लागतच नाही

मराठीचं खास वैभव म्हणजे तिचे नादाचे शब्द. पाऊस रिपरिप पडतो, धो धो पडतो, भुरभुर पडतो. माणूस तरातरा चालतो, रेंगाळत चालतो, पाय ओढत चालतो. क्रियापद ‘पडणं’ किंवा ‘चालणं’ एवढंच, सगळा रंग क्रियाविशेषणात. इंग्रजीत हा रंग पुष्कळदा क्रियापदाच्याच पोटात असतो. भुरभुर पडणं म्हणजे ‘ड्रिझल’, धो धो पडणं म्हणजे ‘पोअर’. तरातरा चालणं ‘स्ट्राइड’, रमतगमत चालणं ‘स्ट्रोल’, थकून पाय ओढत चालणं ‘ट्रज’. कुजबुजत बोलणं ‘व्हिस्पर’. म्हणून ‘रेन इज फॉलिंग व्हेरी व्हेरी फास्ट’ असं शब्दावर शब्द रचण्याऐवजी ‘इट इज पोअरिंग’ म्हटलं की काम झालं. चांगलं इंग्रजी लिहिणारे क्रियाविशेषणं जपून वापरतात याचं कारण हेच, त्यांच्याकडे नेमकी क्रियापदं असतात.

जिथे क्रियाविशेषण लागतंच तिथे जोड्या ठरलेल्या असतात. मराठीत झोप ‘गाढ’ आणि पाऊस ‘मुसळधार’, गाढ पाऊस कुणी म्हणत नाही. तसंच इंग्रजीत ‘स्लीप साउंडली’, ‘रेन हेविली’, ‘बॅडली इंजर्ड’. ही जोडी तर्काने सापडत नाही, वाचनाने कानात बसते.

मग शिकायचं कसं?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधीच्या पिढ्या पाचवीत किंवा त्याहूनही उशिरा इंग्रजीला भिडल्या, पण त्यांच्या हातात दुसऱ्या एका तर्खडकरांच्या नावाने ओळखली जाणारी भाषांतर पाठमाला होती. मराठी वाक्य समोर, त्याचं इंग्रजी आपण करायचं. ती पद्धत आता जुनी मानली जाते, आणि नुसत्या भाषांतरावर बोलणं येत नाही हेही खरं. पण तिच्यातली एक गोष्ट सोडू नये. ती मुलाची मराठी बाजूला ठेवायला सांगत नव्हती, तिच्यावरच उभी राहत होती.

क्रियाविशेषणांसाठी मी हीच वाट सुचवतो. रोज घरात बोललेलं एक मराठी वाक्य घ्यायचं, ज्यात केव्हा, कुठे, कसं यापैकी निदान दोन गोष्टी असतील. आधी त्यातली क्रियाविशेषणं शोधायची. मग प्रत्येकाला विचारायचं: हा शब्द इथे नेमकं काय सांगतोय? वेग, आवाज, ताकद, की प्रमाण? त्यावरून इंग्रजी शब्द निवडायचा. मग कर्त्यानंतर क्रिया ठेवून बाकीचं उलट्या क्रमाने लावायचं, कर्म क्रियापदापासून तोडायचं नाही, आणि ‘नेहमी, कधीच’ असे शब्द पोटात सरकवायचे. शेवटी वाक्य मोठ्याने म्हणायचं. शाळेत हेच गटात करता येतं. एकाने वडगावच्या बोलीत वाक्य टाकायचं, दुसऱ्याने इंग्रजीत झेलायचं, तिसऱ्याने जागा तपासायची.

असं काही आठवडे केलं की मुलाला दोन गोष्टी एकदम कळतात. इंग्रजी वाक्याची घडण कळते, आणि आपण घरात जी भाषा न शिकता बोलतो तिच्यातही किती काटेकोर नियम दडले आहेत हेही कळतं. ज्याला ‘च’ आणि ‘ओन्ली’ यांतला फरक सांगता येतो, त्याला दोन्ही भाषा येतात. मराठी माध्यमातल्या प्रत्येक मुलाला हे साधणं शक्य आहे, आणि त्यासाठी लागणारं अर्धं भांडवल त्याच्याकडे जन्मापासून आहे.